नॉनबायनरी 'विच'ला मराठीत काय म्हणावं? आणि क्रियापदाचं काय?

कराडहून प्रश्न
किशोरांसाठीच्या इंग्रजी फँटसीचं भाषांतर चालू आहे. मुख्य पात्र, समजा रोवन, सतरा वर्षांचं आणि नॉनबायनरी आहे, म्हणजे स्वतःला मुलगाही मानत नाही, मुलगीही मानत नाही. मुळात त्याच्यासाठी 'दे' (they) हे लिंग न दाखवणारं सर्वनाम आहे. 'चेटकीण' लिहिलं की मुलगी होते, 'जादूगार' लिहिलं की मुलगा. 'ते आले' लिहावं तर कुणी वडीलधारे आल्यासारखं वाटतं. नाम आणि क्रियापद, दोन्हींवर मत हवं.

सातारा
आधी नाम. जुन्या इंग्रजीत पुरुषासाठी 'विच्चा' आणि बाईसाठी 'विच्चे' अशी दोन रूपं होती. पुढे शेवटचे स्वर गळाले आणि एकच शब्द उरला. आपल्या 'चेटकीण'मधला 'ईण' मात्र गळत नाही. माळीण, वाघीण, सुतारीण यांच्यासारखा तो लिंग सांगायलाच बसलेला आहे. स्पॅनिशमध्येही हीच अडचण आहे. एडन थॉमस यांच्या 'सेमेटरी बॉइज' या कादंबरीत (२०२०) ब्रुहा (चेटकीण) आणि ब्रुहो (तसाच पुरुष) या स्पॅनिश शब्दांच्या शेवटच्या स्वराजागी एक्स हे अक्षर येतं. देवनागरीत ते जमणार नाही, मात्रेच्या जागी फुली काढली तर शब्द वाचताच येत नाही.

'मांत्रिक', 'देवऋषी', 'भगत' टाळा, ते इथल्या गावातले खरे लोक आहेत. 'डाकीण' तर अजिबात नको. त्या शब्दाखाली बायकांना मारहाण झाली आहे, अजून होते. 'जादूटोणा' हा शब्द २०१३च्या कायद्याच्या नावातच आहे, आणि त्या कायद्यासाठी आयुष्य घालवलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. आपल्या लाडक्या नायकाच्या तोंडी तो शब्द आला तर इथला वाचक दचकेल, आणि त्याचं दचकणं योग्यच ठरेल. हडळ आणि जखीण ही भुतं, त्यांचा इथे संबंध नाही.

माझं मत 'चेटकी'ला. गारुडी, ज्योतिषी यांच्यासारखी घडण, अनेकवचनात 'चेटक्यांची सभा' सहज म्हणता येतं.

मिरज
'चेटकी' ऐकल्यावर बहुतेकांना बाईच दिसेल, कारण 'चेटकीण' कानात बसलेली आहे. 'मंत्रकरी' बघा. वारकरी, गावकरी, टाळकरी हे शब्द बाईलाही चालतात. पुस्तकात जडीबुटी आणि काढेच जास्त असतील तर 'मंत्र' थोडा दूर पडतो, तरी माझी पसंती त्यालाच. नुसतं 'विच' ठेवलं तर 'विचला', 'विचनं' या रूपांवर डोळा अडखळतो.

दुसरं, नॉनबायनरीला 'तृतीयपंथी' लिहू नका. त्या शब्दामागे आपल्याकडचा एक ठरावीक समाज आहे, त्याच्या रीती आहेत. डोक्यावर 'जग', म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, घेऊन फिरणारे यल्लमाचे जोगतेही या सीमाभागात सगळ्यांनी पाहिलेले आहेत. रोवन त्यांच्यातलं नाही. 'नॉनबायनरी' तसंच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे एखाद्या पात्राच्या बोलण्यातून उलगडा: 'मी मुलगाही नाही, मुलगीही नाही.'

सांगली
खरी मेख क्रियापदात आहे. एकवचनी नपुंसक 'ते आलं' मोठ्या माणसाला लावलं की हिणवल्यासारखं होतं, म्हणून ते बाद. अनेकवचनी 'ते' घ्या, पण 'आले, गेले, बसले' ही पुल्लिंगी रूपं जितकी कमी तितकं बरं. '-नी' लागला की क्रियापद कर्माकडे वळतं आणि 'त्यांनी'त लिंग दिसत नाही. नमुना:

'ते उठले, खिडकीपाशी गेले आणि म्हणाले' हे असं करा: 'उठून, खिडकीपाशी जाऊन त्यांनी विचारलं.'

काही सकर्मक क्रियापदं मात्र फसवतात. म्हणणे, बोलणे, पिणे, शिकणे, विसरणे ही भूतकाळात कर्त्यामागेच जातात: म्हणाला-म्हणाली, प्यायला-प्यायली. या पुस्तकांत काढा पिण्याचा प्रसंग दर दोन प्रकरणांत येतो, तिथे 'त्यांनी काढा घशाखाली उतरवला' लिहा. 'मंत्र विसरले'ऐवजी 'मंत्र आठवेना'. 'घाबरले'ऐवजी 'त्यांना भीती वाटली'.

लिंग न दाखवणारी रूपं आपल्याकडे भरपूर आहेत: जाईल, जाणार, जात आहे, जात नाही. कथनाला रीतिभूतकाळही उपयोगी, 'रोवन रोज पहाटे रानात जाई'. विशेषणं न बदलणारी निवडा: एकटा-एकटीऐवजी एकाकी, लाजरा-लाजरीऐवजी लाजाळू, आणि हट्टी, हुशार, धाडसी आहेतच.

गर्दीच्या प्रसंगात 'ते' म्हणजे रोवन की सगळे, असा घोटाळा होतो. तिथे सर्वनाम गाळा नाहीतर नाव लिहा, मराठीला दोन्ही चालतं.

कराड
कथन प्रथमपुरुषी, वर्तमानकाळात आहे. 'मी जाते' की 'मी जातो'?

सांगली
मग भूतकाळात घ्या. वर्तमानात वाक्यागणिक लिंग ठरवावं लागेल, 'मी दार उघडलं, मी दिवा लावला' यात ते ठरवावं लागत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे बायकाही 'मी येतो', 'मी आलो' म्हणतात, त्यामुळे 'आलो' इथल्या कानाला फक्त पुरुषी वाटत नाही. पुण्या-नागपूरच्या वाचकाला ते पुरुषीच वाटेल, म्हणून त्यावर विसंबू नका. मित्रांच्या संवादात 'तू आलास' की 'आलीस' असा पेच पडला तर 'कधी पोचणार आहेस?', 'काय केलंस?' अशी वाक्यं घ्या.

हे सगळं पाळलं की एक जागा आपोआप धारदार होते. रोवनला मुद्दाम मुलगी ठरवणारं पात्र जेव्हा 'आली बघा' म्हणेल, तेव्हा तो एक ईकार पानभर टोचेल. इंग्रजीत हा घाव सर्वनामावरच भागवावा लागतो.

मिरज
मुद्रितशोधन करणाऱ्याला ही यादी आधीच द्या, नाहीतर 'रोवन आले'चं 'रोवन आला' होऊन छापलं जाईल.