जुन्या इमारतीतलं बाथरूम: टाइल्सवर टाइल्स, की स्लॅबपर्यंत खोदाई?

उंबरठा
मुंबई-ठाणे-पुण्याकडच्या ३०-३५ वर्षं जुन्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून धागा काढतोय. बाथरूम सात बाय पाच, स्लॅब फूटभर खाली सोडलेला (कारागीर ज्याला 'संकन' म्हणतात तो), त्यात विटांच्या तुकड्यांचा भराव, भिंतीत जीआयचे (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे) पाइप आणि खालच्या घराच्या छताला ओल.

माझं मत: स्लॅब दिसेपर्यंत खोदा, नाहीतर हातच लावू नका. टाइल्सच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी भरावात साठतं आणि तिथून कुठेच जात नाही. वरून फरशी ठणठणीत कोरडी दिसते, पण एक टाइल उचकटली की तिची पाठ काळी पडलेली आणि खालचा माल ओला, कुबट वासाचा. हेच पाणी हळूहळू स्लॅबच्या सळयांपर्यंत जातं, सळई गंजून फुगते आणि खालच्यांच्या छताचे पोपडे पडायला लागतात. त्यावर नव्या टाइल्स चिकटवून यातलं काय थांबतं?

छिन्नी_बंद
बरंच काही थांबतं. सगळ्यांत जास्त पाणी सांध्यांतूनच जात असेल, तर सांधे बंद करणं हाच इलाज झाला की! पांढऱ्या सिमेंटचं ग्राउट काढा आणि नव्या टाइल्सना तीन मिलिमीटरचा सांधा ठेवून त्यात इपॉक्सी (पाणी न शोषणारं रेझिनचं ग्राउट) भरा.

टाइल्सवर टाइल्स बसवायलाही रीत आहे. जुनी प्रत्येक टाइल छिन्नीच्या मुठीने ठोकून बघायची. पोकळ वाजली तर काढायची आणि खड्डा भरून घ्यायचा. उरलेल्यांची चकाकी ग्राइंडरने खरवडायची, साबणाचा थर धुवून काढायचा. चिकटवायला साधा सिमेंटचा माल चालत नाही. आयएस १५४७७ या भारतीय मानकातला टाइप ३ अॅडेसिव्ह लागतो, तो जुन्या टाइल्सवर लावायला चालतो. फरशी ३५ चौरस फूट आणि भिंती सुमारे १५०, म्हणजे २० किलोच्या पाच गोण्या पुरतात. काम चार-पाच दिवसांत होतं. घरात एकच बाथरूम असेल तर तीन आठवडे आंघोळीला कुठे जायचं, हे खोदा म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं.

पाना_पक्कड
छिन्नी_बंद, फरशीचं बोललात, पण भिंतीतल्या जीआयचं काय? हा पाइप गंजतो तो आट्यांच्या जागी, म्हणजे एल्बो (वळणाचा जोड) आणि निपलवर (दोन्ही टोकांना आट्या असलेला छोटा तुकडा). जुना नळ गंजाने धरून ठेवलेला असतो. नवा बसवायला पाना फिरवला की निपल एल्बोच्या आतच तुटतो, आणि मग कालच लावलेली नवी टाइल फोडायची. भिंतीच्या टाइल्सना हात लावायच्या आधी सगळे नळ काढून बघा. एक जरी निपल तुटला तरी अख्खी लाइन बदलायची, हे धरूनच चालायचं.

दुसरं म्हणजे जाडी. आठ मिलिमीटरची टाइल आणि तीन-चारचा अॅडेसिव्ह मिळून भिंत बारा मिलिमीटर पुढे येते. नळाला एक्स्टेन्शन लावून भागेल, पण कन्सील्ड डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा, भिंतीत गाडलेला वॉल्व्ह) ठरावीक खोलीपेक्षा आत गेला तर त्याची प्लेट बसत नाही. तो बदलायलाच लागतो.

छिन्नी_बंद
लाइन बदलायची तर वरून घ्या. सात फुटांच्या वर छतालगत सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपची लाइन) फिरवायची, खाली फॉल्स सीलिंग घालायचं आणि शॉवर, बेसिन, कमोड यांच्यासाठी तीनच खाचा भिंतीत मारायच्या. जुनी जीआय मेन वॉल्व्हपाशी कापून तोंड बंद करायचं, म्हणजे डमी करायची. भिंत सोलायची गरज नाही.

पाना_पक्कड
हे मान्य. फक्त खाचा कटरने मारा, घणाने नको. आणि नळाच्या जागी पितळी आट्यांचे फिटिंग घ्या. प्लास्टिकच्या आट्या जोरात आवळल्या की तडकतात, आणि ते महिन्याभराने कळतं. खाच बुजवण्याआधी हातपंपाने १० बारचा दाब देऊन तासभर दाबमापकाचा काटा बघायचा. प्लंबर घाई करतो ती नेमकी इथे.

लेव्हल_ट्यूब
दोघेही इलाजावर भांडताय, पण पाणी कुठून येतंय ते कुणी तपासलंय का? तीन पायऱ्या आहेत.

पहिली: सगळे नळ बंद, रात्रभर मेन वॉल्व्हही बंद. तरी खालची ओल तशीच वाढत राहिली, तर तुमच्या नळाच्या लाइनचा संशय मागे पडतो. दाब देऊन काटा उतरला, तर दोष लाइनचाच.

दुसरी: न्हाणी ट्रॅपमध्ये (फरशीतलं सांडपाणी जायचं जाळीखालचं तोंड) नरसाळं धरून रंगीत पाणी थेट ओतायचं, बादलीभर, फरशीवर थेंब न सांडता. खाली रंग दिसला तर ट्रॅपचा किंवा पुढच्या पाइपचा सांधा गेलाय.

तिसरी: ट्रॅपला बूच मारून फरशीवर दीड-दोन इंच पाणी २४ तास, वेगळ्या रंगाचं. आता खाली रंग आला तर दोष फरशीचा.

फक्त फरशीच दोषी निघाली तर टाइल्सवर टाइल्स हा पर्याय विचारात घ्या. पाइपचा सांधा गेला असेल तर तो भरावाच्या तळाशी आहे, वर सोन्याच्या टाइल्स लावल्या तरी तो गळणारच.

उंबरठा
तपासणी कागदावर छान दिसते. पण भराव आधीच पाणी पिऊन बसलाय. तुम्ही वापर बंद केलात तरी खाली थेंब आठवडाभर पडत राहतात, आणि रंग भरावातून जाताना इतका फिका होतो की ओळखू येत नाही. दोन चाचण्यांमध्ये आठ-दहा दिवस सुकू द्यायला हवं.

शिवाय ट्रॅपची कड. टाइल्सवर टाइल्स बसवताना जाळी वर उचलतात, पण ट्रॅपचं तोंड जुन्याच पातळीला राहतं. मधल्या बारा मिलिमीटरच्या कडेत नुसता सिमेंटचा माल थापलेला. पाणी तिथून दोन थरांच्या मध्ये शिरतं. इपॉक्सी सगळीकडे भरून हेच भोक उघडं राहिलेलं असतं.

लेव्हल_ट्यूब
कडेचं खरंय. तिथे ट्रॅपच्या मापाचा पीव्हीसीचा तुकडा सॉल्व्हंटने चिकटवून तोंड नव्या पातळीला आणायचं, मग जाळी. ट्रॅप जुना बिडाचा असेल तर सॉल्व्हंट चालत नाही, इपॉक्सी पुट्टी लागते.

गोणी_मोजणारी
खोदायचं ठरलंच तर वजनाचा हिशेब करा. ३५ चौरस फूट आणि फूटभर खोली म्हणजे जवळपास एक घनमीटर. विटांचा भराव पावणेदोन टनांच्या आसपास, भिंतीच्या टाइल्स मालासकट आणखी टनभर. ३५ किलोच्या पाऊणशे-ऐंशी गोण्या होतात. त्या जिन्यात किंवा गच्चीवर रचून ठेवल्या की सोसायटीची नोटीस आलीच, म्हणून टेम्पो आधी ठरवा.

परत भरताना विटा घालू नका. एएसी ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांचे) तुकडे घातले तर वजन तिसऱ्या हिश्शावर येतं. पण ते पाणी ओढतात, म्हणून वॉटरप्रूफिंग दोनदा: एकदा तळाच्या स्लॅबवर आणि भराव झाल्यावर वरच्या कोब्यावर पुन्हा. आणि संकनच्या सगळ्यांत खालच्या कोपऱ्यातून इंचभर पाइपचा स्पाऊट बाहेर डक्टमध्ये (इमारतीचे पाइप जातात त्या मोकळ्या जागेत) काढा. पुढे कधी गळलंच तर पाणी शेजाऱ्याच्या छताऐवजी तिथे दिसेल. बिल्डर हे विसरतात आणि नंतर करणारेही.

छिन्नी_बंद
स्पाऊटला पूर्ण पाठिंबा. खोदायच्या ब्रेकर मशीनला मात्र नाही. संकनचा स्लॅब पातळ असतो आणि या वयात खालून सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर सुटलेलं असतं. वरून इलेक्ट्रिक ब्रेकर लावला की खालच्यांच्या घरात प्लास्टरचा तुकडा पडतो. शेवटचे तीन-चार इंच छिन्नी-हातोडीनेच काढायला हवेत, आणि ठेक्यात दिवसावर पैसे कापले जाणार म्हटल्यावर बिगारी ते करत नाही. आणि इमारत दोन-तीन वर्षांत पुनर्विकासाला जाणार असेल, तर हा खर्च कशासाठी?

मधला मार्ग आहे. फरशी आणि भिंतीची खालची एकच ओळ काढा. भिंतीच्या टाइल्सना पोकळ आवाज नसेल तर वर नव्या चिकटवा.

उंबरठा
एक ओळ काढताना वरच्या ओळीला ग्राइंडरने आधी सरळ काप द्या, नाहीतर हादऱ्याने तीही सुटते. आणि वॉटरप्रूफिंग त्या कापाच्या वर जाणार कसं? शॉवरच्या कोपऱ्यात ते सहा फुटांपर्यंत हवं. तेवढ्या दोन भिंती तरी सोला. मधला मार्ग म्हणत म्हणत निम्मं बाथरूम फोडून झालं.

लेव्हल_ट्यूब
निम्मंच ना, पूर्ण तर नाही. शॉवरच्या दोन भिंती आणि फरशी, हे मला पटतंय.

सचिव_माजी
काम सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी कळवा आणि खालच्या घराच्या छताचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीची, संडास-बाथरूमच्या आतली सभासदाची. फोटो नसले तर जुना पोपडाही तुमच्याच खात्यावर येतो.

पाना_पक्कड
वॉटरप्रूफिंगचा क्रम राहिला. कोपऱ्यात आधी दोन इंची वाटा (सिमेंटच्या मालाचा गोला), सुकल्यावर दोन भागांचं पॉलिमर कोटिंग. पहिला हात आडवा, तो हाताला लागेनासा झाला की दुसरा उभा. शंभर चौरस फुटांना साधारण १५ किलो. पाइप स्लॅबमधून जातो तिथे जाळीचं कापड दोन हातांच्या मध्ये दाबायचं. गळती बहुतेक वेळा भर मैदानात नसते, पाइपच्या गळ्याशी असते. शेवटचा हात लावून किमान तीन दिवस सुकू द्या, मगच पाणी भरा.

पाणी २४ तास ठेवू असं ठेकेदार म्हणेल, तुम्ही ७२ धरा. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलची रेघ मारा आणि शेजारी तेवढंच पाणी भरलेलं घमेलं ठेवा. घमेल्यातलं जेवढं उतरलं तेवढं उन्हा-वाऱ्याने उडालं. रेघेखाली त्यापेक्षा जास्त उतरलं असेल तर टाइल्सवाल्याला अजून बोलावू नका.