थ्रीडी भूगर्भ मॉडेल: मराठीत काय लिहावं?

पूर्णाकाठ: दर्यापूरकडच्या एका गावासाठी भूजलावरची पुस्तिका मराठीत आणते आहे. बोअरच्या नोंदी जोडून संगणकावर जमिनीखालचे थर उभे करतात, त्याला 'त्रिमितीय भूस्तर प्रतिकृती' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी 'प्रतिमान' केलं. ग्रामसभेत कोणाला कळेल?

रानमाळ: प्रतिकृती खोडली ते योग्यच. मूळ वस्तू पाहिलेली असली तर तिची प्रतिकृती. इथे दोन बोअरच्या मधलं कोणीच पाहिलेलं नाही, तिथे काय असावं याचा हिशेब मांडलेला असतो. मध्ये तिसरा बोअर मारला की हिशेब बदलतो. शब्दात हा अंदाज दिसलाच पाहिजे, कारण लोक त्या चित्रावर विश्वासून कर्ज काढून बोअर मारतात. 'प्रतिमान'मध्येही तो नाही. 'अंदाजचित्र' लिहा.

वणीवाला: ताई, मॉडेलच लिहा नं. आमच्या खाणीकडं सारे मॉडेलच म्हन्तेत. कोळशाचा थर कुठं तुटला, कुठं कलला, थे त्यातच पाह्यतेत. अंदाजचित्र काहून?

शब्दवेडा: सगळे म्हणतात म्हणून आपण शब्द शोधायचेच नाहीत का? आणि 'भूस्तर' तरी कशाला? संस्कृत 'स्तर'चाच 'थर' झाला. 'थरांचा नकाशा' पुरे.

रानमाळ: नकाशा सपाट असतो.

शब्दवेडा: इंग्रज भूवैज्ञानिक विल्यम स्मिथचा इंग्लंडच्या थरांचा 1815 चा नकाशा पाहा. प्रत्येक थराच्या तळाशी त्याने रंग गडद केला, म्हणून कोणता थर कोणाखाली शिरतो ते कागदावर कळतं. नकाशात खोली तेव्हापासून आहे.

दारव्हेकर: परके शब्द रुजतात हो. 'दख्खन ट्रॅप' म्हणजे आपला लाव्हाचा काळा खडक; त्यातला ट्रॅप स्वीडिश, अर्थ जिना. आमचे डोंगर तसेच पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. उलट नागपूरजवळच्या आपल्या कामठीचं नाव गोंडवन खडकांच्या, म्हणजे ज्यांत कोळसा सापडतो त्या जुन्या खडकांच्या, एका गटाला मिळालं, ते इंग्रजीतही कामठीच आहे.

पूर्णाकाठ: ट्रॅपवरून आठवलं. लाव्हाच्या दोन थरांमधल्या तांबड्या मातकट पट्ट्याला काय लिहू? मॉडेल करणारे तो खुणेचा धरतात, वरचा लाव्हा कुठे संपला ते त्यावरून ओळखतात.

दारव्हेकर: गेरू.

वणीवाला: गेरू नाई. गेरू पोळ्याले बैलाले लावतो थो.

दारव्हेकर: आमच्याकडे विहीर खणणारे गेरूच म्हणतात. माझ्या आजोबांच्या विहिरीत हातभर जाडीचा होता.

शब्दवेडा: 'गैरिक'वरून गेरू. रंगाचं नाव आहे ते, थराचं कसं होईल?

दारव्हेकर: काळी म्हणजे जमीन होते, पांढरी म्हणजे गावठाण होतं, मग गेरूचा थर का होऊ नये?