चर्चा (ऑगस्ट 2021): दीर्घ आजार असलेल्यांना कोरोनाच्या साथीच्या काळात वेगळी पगारी रजा हवी की नको?

अबोली_ठाणे
15 ऑगस्टपासून लशीचे दोन डोस झालेल्यांना मुंबईची लोकल खुली झाली आणि लगेच आमच्या ऑफिसचा मेल आला: सगळ्यांनी रोज हजर राहायचं, ज्यांना जमत नाही त्यांनी रजा टाकायची. मला र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. हे औषध प्रतिकारशक्ती दाबूनच सांधे वाचवतं, त्यामुळे लस माझ्यात कितपत लागू झाली याची खात्री डॉक्टरही देत नाहीत. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना अमेरिकेने याच महिन्यात तिसरा डोस मंजूर केला. आपल्याकडे तो नाही.

आज मी अंथरुणाला खिळलेली नाही, म्हणून आजारपणाचा दाखला मिळत नाही. आणि डोंबिवलीहून भरून आलेल्या डब्यात शिरण्याइतकी धडधाकटही नाही. अशा माणसासाठी रजेच्या फॉर्मवर रकानाच नाही. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा वाचून पाहा. वर्षाला 8 नैमित्तिक रजा, आणि वर्षात 240 दिवस भरले तर दर 20 दिवसांमागे एक भरपगारी, साठवायची मर्यादा 45. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाहीच.

माझ्या साठवलेल्या रजा गेल्या वर्षीच गेल्या. मार्च 2020 मध्ये आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सुचवलं आणि आम्ही वर्षानुवर्षं घेतो ती गोळी दुकानांतून गायब झाली. गोळ्यांत खंड पडला की सकाळी बोटं मिटत नाहीत, ब्रश दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. तशा हातांनीही घरून जीएसटीची रिटर्न वेळेत भरली आहेत.

माझं म्हणणं: साथ आहे तोवर आमच्यासारख्यांना, काम घरून होत असेल तर घरून करू द्या, होत नसेल तर पगारी रजा द्या. ती आमच्या खात्यातून न कापता, आणि मालकाच्या मर्जीवर न सोडता कायद्याने.

भोसरीकर
ताई, त्रास खरा आहे, पण 'कायद्याने' म्हणजे शेवटी कोणाच्या खिशातून? माझं टर्निंगचं वर्कशॉप आहे, वीसेक माणसं. मार्च 2020 च्या शेवटी केंद्राने पूर्ण पगार द्यायचा आदेश काढला, मेमध्ये तो मागे घेतला. मधल्या काळात एक ऑर्डर बाहेर गेली नाही. बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखात्यातून पगार केले, त्याचं व्याज अजून भरतोय. लेथ काही घरी नेता येत नाही.

ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याला, पगाराच्या सव्वातीन टक्के मी भरतो, पाऊण टक्का कामगाराचा. तिथे आजारपणात वर्षाला 91 दिवस 70 टक्के पगार मिळतो. क्षय, कर्करोग, किडनी निकामी होणं अशा 34 आजारांना 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. एवढी सोय असताना मालकावर आणखी बोजा कशाला?

अबोली_ठाणे
दादा, ईएसआयची पगारमर्यादा 21,000 आहे. माझा पगार त्याच्या जरासा वर. म्हणजे ईएसआय नाही, आणि सरकारी नोकराची अर्धपगारी रजाही नाही. आत असते तरी त्या 34 आजारांत माझा संधिवात नाही. शिवाय तिथे आजारी असल्याचा दाखला लागतो. आजारी पडू नये म्हणून घरी थांबणाऱ्याला कोण देणार?

काउंटर_नाशिक
मी बँकेत कॅशला आहे. एप्रिल 2020 मध्ये जनधनचे 500 रुपये काढायला बायकांच्या रांगा रस्त्यापर्यंत होत्या. शाखेतल्या बीपी-शुगरवाल्यांना सवलत मिळाली आणि त्यांचं सगळं काम आम्हा उरलेल्यांवर आलं. माझ्या घरी दम्याच्या सासूबाई. रोज हाताळलेल्या नोटांचा हात घेऊन मी त्यांच्याकडे परतायचे. माझ्या घरातल्या धोक्याला कुठला रकाना? आजाराच्या नावावर रजा मिळू लागली की खरा धोका कोणाला आणि नुसती चिठ्ठी कोणाकडे, हे ठरवायचं कोणी? आमच्या साहेबांनी ठरवलं ते ओळखी पाहून. अशा रजेला माझा विरोध आहे.

सोलापुरी
माझा भाऊ ठेकेदाराकडे कामाला होता. आठवड्यातून दोनदा चार-चार तास डायलिसिस. उपचार राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून मोफत झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दिवसांची हजेरी कोण देतो? लॉकडाउनमध्ये रिक्षा मिळेना, मी सायकलवर डबलसीट न्यायचो. अनलॉक झाल्यावर ठेकेदार म्हणाला, तू दवाखान्यात जातोस, इकडे कोरोना आणशील, येऊ नको. ईएसआय कापत होता की नाही हे आम्हाला आजवर समजलेलं नाही. तुमची चर्चा पगारपत्रक असलेल्यांची आहे.

नाव_नको
मला अपस्मार आहे. ऑफिसात कोणालाही माहीत नाही, कळू देणार नाही. वेगळी रजा म्हणजे एचआरच्या फायलीत आजाराची नोंद. साथ संपेल, नोंद राहील, आणि माणसं कमी करायची वेळ आली की तीच फाईल उघडेल. सगळ्यांनाच आजारपणाची रजा द्या, कारण न विचारता. वेगळी तर मुळीच नको.

स्टुटगार्टहून
इथला, जर्मनीतला प्रकार सांगतो, भोसरीकरांसाठी मुद्दाम. आजारी माणसाला मालक सहा आठवडे पूर्ण पगार देतो, पुढे विमा फंड ढोबळ पगाराच्या 70 टक्क्यांपर्यंत देतो. पण 30 पर्यंत माणसं असलेल्या मालकांना एका सामायिक फंडात वर्गणी भरावीच लागते. कोणी आजारी पडलं की दिलेल्या पगारातला मोठा वाटा, 80 टक्क्यांपर्यंत, त्यांना परत मिळतो. मात्र नुसता धोका आहे म्हणून घरी बसलेल्याला इथेही हे मिळत नाही. त्यासाठी यंदा जानेवारीअखेरपासून जूनअखेरपर्यंत, शक्य तिथे घरून काम देणं मालकांना बंधनकारक होतं.

अबोली_ठाणे
हेच हवं आहे. लहान मालकाने एकट्याने सोसावं असं मी म्हणतच नाही, वर्गणीचा फंड असू द्या. काउंटरताई, पात्रता साहेबाने ठरवूच नये. ईएसआयच्या किंवा सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरने 'गर्दीत काम नको' एवढंच लिहावं, आजाराचं नाव लिहू नये. मग नाव_नको यांची भीतीही बरीच कमी होईल. सोलापूरच्या दादांचं मात्र मान्य, ठेकेदाराकडे हा कागद चालणार नाही. तिथे मूळ कंपनीला जबाबदार धरल्याशिवाय काही होणार नाही.

काउंटर_नाशिक
डॉक्टरचा कागद चालेल. पण जितके जण सुटतील तितकी बदली माणसं आधी द्या. ती मिळाली नाहीत तर माझा विरोध कायम.

भोसरीकर
फंड झाला तर वर्गणी भरायला मी तयार आहे, लिहून देतो. पण त्यातून पगाराचे पैसे परत येतील, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) हात बसलेला माणूस येणार नाही. बदली माणूस तयार करायला मला सहा महिने लागतात. तेवढ्या काळात डिलिव्हरी चुकली तर पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. या धाग्यात त्याबद्दल अजून कोणी बोललेलं नाही.