द्राक्षातला पैसा खाडीतल्या शिनाण्यांत (शिंपल्यांत) घालावा का?

बेदाणा_तासगाव

राम राम मंडळी. आमच्या बागायतदारांच्या गटात सध्या एकच विषय पेटलाय. गटातला एकजण द्राक्ष निर्यातीच्या कामाला हॉलंडला जाऊन आला. तिथं झीलंडमधल्या येर्सेके गावात त्यानं निळ्या शिंपल्यांची शेती बघितली. समुद्राच्या तळावर बी, म्हणजे लहान शिंपले, पसरतात, वाढलं की बोटीनं खरवडून काढतात, आणि आपल्याकडं बेदाण्याचे सौदे निघतात तसा तिथं शिंपल्यांचा लिलाव निघतो. गडी तेव्हापासून झोपलेला नाही.

माझा मुद्दा साधा आहे. द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत दावण्या-भुरीसारखे रोग, अवकाळी पाऊस. औषधाच्या दुकानाची उधारी चारचौघांत सांगायची सोय नाही. शिंपल्याला खाद्य नाही, खत नाही, फवारणी नाही. पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो आणि वाढतो. बीसुद्धा समुद्रच देतो. मग आपण दहा-बारा जणांनी भांडवल घालून रत्नागिरीकडं एखाद्या खाडीत हे का करू नये? कोल्ड स्टोरेज आपल्याकडं आहे, माल लांब पाठवायची सवय आहे. मी म्हणतो करावं. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

कोयनाकाठ (पाटण)

दादा, कारणासकटच लिहितो. निळा शिंपला हा उत्तर अटलांटिकचा, थंड पाण्यातला जीव. पाणी २० अंशांच्या आत असलं की खुशीत, २५-२६ च्या पुढं गेलं की माना टाकतो. कोकणचा समुद्र वर्षातला बराच काळ २७-२८ अंशांवर असतो. तेव्हा हॉलंडचं बी डोक्यातून काढा.

आपल्याकडं चालतो तो हिरवा शिंपला, कोकणातले शिनाणे. त्याची शेती हवेतली गोष्ट नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं १९७० च्या दशकात दोरावर वाढवायची पद्धत बसवली. पुढं १९९० च्या दशकात केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या पडन्ना भागात ती रुजली, बायकांच्या बचत गटांनी उचलून धरली. पण तिथं बांबूच्या मांडवाखाली दोर सोडणाऱ्या बायका त्याच गावच्या. तासगावहून गाडी करून येणाऱ्या नव्हेत.

आता खाडी कुठली? कुंभार्ली घाट उतरलं की पहिली येते ती वाशिष्ठी, म्हणजे पुढं दाभोळची खाडी. पोफळीला टर्बाइन फिरवून आपलं कोयनेचं पाणी तिथंच जातं. कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेकडं सोडायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मुभा दिलीय. भर उन्हाळ्यात बाकीच्या नद्या आटतात, वाशिष्ठीत मात्र गोडं पाणी उतरत राहतं. किती उतरायचं ते विजेची मागणी ठरवते. शिनाण्याला तर खारेपणा टिकून लागतो. म्हणजे तुमच्या पिकाची पाणीपाळी मुंबईतल्या एसीवर. शिवाय त्या खाडीच्या माथ्यावर लोटे परशुरामची रासायनिक वसाहत आहे, हे वेगळं सांगायला नको.

बेदाणा_तासगाव

बरं, निळा सोडला, हिरवा धरला. माझा मुद्दा त्यानं मोडत नाही. दाभोळ नको तर जयगड बघू, आणखी खाली जाऊ. कोकणात खाड्यांना काय तोटा आहे? आणि पाणी दुसऱ्याच्या हातात म्हणाल तर ताकारी-म्हैसाळ उपसा योजनांचं आवर्तन कधी सुटणार हे तरी आपल्या हातात आहे का? तरी आपण बागा लावल्याच की.

इस्लामपूरकर

इमू आठवतोय? मग कडकनाथ कोंबडी, २०१९ साल. पिल्लं घ्या, वाढलेला माल आम्हीच परत विकत घेतो म्हणाले, आणि पैसे बुडाले. आमच्या गावचं नाव त्यानंच पेपरात आलं. दोन्ही वेळेला पक्षी खरा होता, गिऱ्हाईक खोटं होतं. 'खर्च नाही, नुसतं उत्पन्न' असं कुणी म्हटलं की आमच्याकडं माणसं आधी खिसा चाचपतात.

बेदाणा_तासगाव

इथं कोण पिल्लं विकतंय का? पुनर्खरेदीचा करार कुणी केलाय का? स्वतःचा पैसा, स्वतःचा माल. कडकनाथाचं नाव काढलं की सांगली जिल्ह्यात कुठलीच नवी गोष्ट बोलायची नाही, असं झालंय.

क्षारपड_पलूस

घाट उतरायचाच कशाला म्हणतो मी. कृष्णाकाठी हजारो एकर रान खारटून पडलंय, ऊससुद्धा उगवत नाही. हरियाणात अशाच खाऱ्या पाण्यावर कोळंबी काढतात. तळं काढा, तिथंच शिंपले टाका!

कोयनाकाठ (पाटण)

भावा, हरियाणाचं खरं आहे, पण जमिनीतलं खारं पाणी आणि समुद्राचं पाणी एक नव्हे. त्यात पोटॅशियम फार कमी असतं, कोळंबीलासुद्धा ते वरून घालावं लागतं. कोळंबीला निदान गोळी पेंड टाकता येते. शिंपल्याला दिवसरात्र शेवाळानं भरलेलं वाहतं पाणी पाहिजे. तळ्यात ते रोज कुठून आणणार? क्षारपड सुधारायला निचरा करा, शिंपल्याच्या नादाला लागू नका.

चिपळूणची_लेक (सध्या कराड)

माझं माहेर खाडीकाठचं. मावसबहिणीच्या गटानं शिनाणे केलेत, त्यामुळं दोर बांधायला मीही बसलेय. बी म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान शिंपले, ओहोटीला खडकावरून काढून आणलेले. दोराभोवती ते सारखे पसरायचे आणि वरून सुती मच्छरदाणीचं कापड गुंडाळून धावदोरा घालायचा. हात सैल पडला तर एका बाजूला गोळा होतात आणि पाण्यात सोडल्यावर गठ्ठाच्या गठ्ठा गळतो. नीट बसले तर दोन-चार दिवसांत प्रत्येकजण काळपट धागे काढून दोराला घट्ट धरतो. मग कापड कुजून गेलं तरी चालतं, काढताना पीळ देऊन ओरबाडावे लागतात. मांडवावर बसून पाय पाण्यात, कंबर मोडते, बोटं शिंपल्याच्या कडांनी कापतात. 'काही करावं लागत नाही' असं जे लिहिलंय ते काठावर उभं राहून लिहिलंय.

आता दादांना विचारते. नोव्हेंबर-डिसेंबरात दोर सोडायचे आणि पावसाच्या आधी काढायचे, कारण जूनमध्ये खाडी गोडी झाली की सगळं पीक मरतं. तुमची ऑक्टोबर छाटणी, विरळणी, तोडणी, बेदाण्याची शेड, सगळं याच महिन्यांत. मग खाडीवर कोण असणार? गावातल्या बायका, मजुरीवर. म्हणजे खाडी त्यांची, हात त्यांचे आणि वही तासगावात. जिथं तुम्ही मांडव घालणार तिथं कुणाचं तरी जाळं पडत असतं, कुणी तरी तिसऱ्या (चिखलातले लहान शिंपले) वेचत असतं. खाडीला बांध नसतो म्हणून ती मोकळी दिसते. वनखात्याच्या कांदळवन कक्षाची उपजीविका योजना २०१७ पासून आहे, त्यात खेकडे, कालवं, शिंपले आहेत, पण ती काठावरच्याच लोकांसाठी. ते बरोबरच आहे.

शेतीला विरोध नाही माझा. तुमचे पैसे यायचे तर माल विकत घ्यायला येऊ देत.

मिरजेचा_डॉक्टर

सगळे बाजाराचं बोलताहेत, मी खाणाऱ्याचं बोलतो. मोठा शिंपला तासाला लिटर-दोन लिटर पाणी गाळतो. पाण्यात जे असेल ते त्यात साठतं: सांडपाण्यातले जंतू, काविळीचा विषाणू, जड धातू. स्वच्छ खाऱ्या पाण्यात दिवसभर ठेवलं तर जंतू बरेच कमी होतात, धातू जात नाहीत. आणि काही शेवाळांचं विष शिजवूनही जात नाही. १९८७ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे, शेतीतलेच निळे शिंपले खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली. काही दगावली, काहींची स्मरणशक्ती गेली ती गेलीच. युरोपात पाण्याची वर्गवारी करून कुठला माल थेट विकायचा, कुठला आधी शुद्ध करायचा हे ठरवतात. तुमचा मित्र हॉलंडमध्ये जेवला तेव्हा त्या ताटामागं ही सगळी यंत्रणा उभी होती. तुमच्या आराखड्यात प्रयोगशाळेचा खर्च कुठं धरलाय?

खवय्या_सातारकर

डॉक्टरसाहेब, कोकणात लोक पिढ्यान् पिढ्या शिनाणे खातात. सुकं करतात, भातात घालतात, मजेत आहेत. तुम्ही तर खाण्याआधीच सलाईन लावायला निघालात. माझा आक्षेप दुसराच आहे. साताऱ्याच्या मासळी बाजारात रविवारी माणूस सुरमई नाही तर बांगडा मागतो. शिंपले ठेवले तर 'हे कसं सोलायचं?' विचारून पुढं जातो. ओल्या पोत्यात फार तर एक-दोन दिवस जिवंत राहणारा माल. तुमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा त्याला काय उपयोग?

मिरजेचा_डॉक्टर

पिढ्यान् पिढ्या खात होते तेव्हा खाडीच्या माथ्यावर कारखाने नव्हते. आणि घरी काढून घरी खाणं वेगळं, टनावारी विकणं वेगळं. एक पोतं खराब निघालं तर बोंब सगळ्या कोकणच्या मालावर होणार, ताईंच्या गटावरसुद्धा.

बेदाणा_तासगाव

तपासणीचं मान्य, तो खर्च धरावाच लागेल. हंगामाचंही ताईंनी नेमकं धरलं, फेब्रुवारीत आमच्यातला एकही गडी खाडीवर जाणार नाही. पण बाहेरच्यानं पैसा घालूच नये हे मला पटत नाही. आमच्या बागांत घाटाखालचे, मराठवाड्यातले, बिहारचे लोक राबतात, तेव्हा वही कुणाची असं कुणी विचारत नाही. ते असो. खरेदीचंच बोलायचं तर ताई, दर कशावर धरायचा? शिंपल्यासकट, की सोललेला?

चिपळूणची_लेक (सध्या कराड)

बाग तुमच्या सातबाऱ्यावर आहे, दादा. खाडी कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही, म्हणून विचारायचं.

दराचं म्हणाल तर सोललेला घ्या. उकडून मांस काढून बर्फात घातलं तरच घाट चढेल. पण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच मांस उतरतं, तेव्हा दर तिप्पट आणि वर सोलायची मजुरी धरून बोला. मे महिन्यात सगळ्यांचा माल एकदम निघतो, तेव्हा पडून भाव मागणारे व्यापारी आमच्याकडं आधीच आहेत. तसलेच आणखी नकोत.

इस्लामपूरकर

तिप्पट तर तिप्पट. आधी मे महिन्याचा पाण्याचा रिपोर्ट, मग माल, मग पैसे. आगाऊ कुणालाच नाही. ताई, तुम्हालासुद्धा नाही, राग मानू नका.