टायपिंग इन्स्टिट्यूटचे चार जुने कीबोर्ड: आतले स्विच कुठले, कसं ओळखायचं?

उपनगरची_अनुवादक

नमस्कार. सासऱ्यांची नाशिकरोडला टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मशीनवर मराठी ३०-४०, इंग्रजी ३०-४०, पुढे मागच्या खोलीत कॉम्प्युटरही आले. आता गाळा रिकामा करून द्यायचाय. टाइपरायटर गेले, माळ्यावर चार कीबोर्ड उरलेत. भंगारवाला किलोवर मागतोय. दीर म्हणतात देऊन मोकळी हो. भाचा म्हणतो, "मामी, याच्यासाठी लोक ऑनलाइन वेडे होतात." कुणाचं ऐकावं कळेना.

मी घरी अनुवादाचं काम करते, दिवसभर मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची ठरलेली की-मांडणी). यातला एखादा वापरता आला तर मलाच हवाय.

पहिला उचलला तर हात खाली जातो. मागे लेबलवर आयबीएम, पार्ट नंबर १३९१४०१, तारीख १९८९ मधली. केबल नाही, मागे नुसती खाच. दुसरा चिकोनी केबी-५१८१, गुंडाळीची केबल, टोकाला जाड गोल पाच पिनांचा प्लग, बुडाला एक बारका सरकता स्विच. एक बटण काढलं तर खाली निळा स्विच. भाचा ओरडलाच, "ब्लू आल्प्स!" (आल्प्स ही म्हणे स्विच बनवणारी कंपनी) आणि किमती शोधायला बसला. तिसरा टीव्हीएस गोल्ड, त्याच्यातही निळंच काहीतरी. त्यावर रुपयाचं चिन्ह नाही. चौथ्याला नावच नाही, लेबल कधीच निघालंय. दाबलं तर भुसभुशीत लागतं. सासऱ्यांच्या जुन्या पीसीला जोडून पाहिला, मोजकीच अक्षरं उमटली.

दोन्ही निळे एकच का? आणि नाव नसलेल्याचं काय करायचं?

सातपूरचा_सोल्डर

ताई, आयबीएम भंगारात देऊ नका!! १३९१४०१ म्हणजे मॉडेल एम. आत बकलिंग स्प्रिंग, बघायचीही गरज नाही. बाकी भाच्याशी सहमत. निळा आणि क्लिक वाजतोय म्हणजे आल्प्स ब्लू. आवाज रेकॉर्ड करून टाका, लगेच सांगतो.

जुना_सर्व्हिसवाला

आवाजावरून सांगणारे भेटले की मला बरं वाटतं, आमचा धंदा त्यांच्यावरच चालायचा.

सोल्डरराव, आवाजावरून फार तर क्लिक आहे की नाही एवढं कळेल. तोच स्विच पत्र्याच्या प्लेटवर वेगळा वाजतो, पोकळ प्लॅस्टिकमध्ये वेगळा, आणि ताईंच्या मोबाइलमधून तुमच्या हेडफोनात पोचेपर्यंत तिसराच. रंग तर सगळ्यात शेवटी बघायचा. चेरीचा निळा, आल्प्सचा निळा, एसएमकेचा निळा, तिन्ही स्विच बनवणाऱ्या कंपन्या: तीन वेगळ्या घरची पोरं, शाळेचा गणवेश तेवढा एक.

मी नव्वदच्या दशकापासून नाशकात कॉम्प्युटर दुरुस्त करत आलोय. पतसंस्था, सातपूर-अंबडच्या कंपन्या, मेनरोडचे व्यापारी. त्या काळात कीबोर्ड टाकून देत नसत, उघडत असत. माझा क्रम ठरलेला: आधी पाठ, मग खुंट, मग झाकण, आणि रंग त्यानंतर.

पाठ म्हणजे मागचं लेबल. समोरचं नाव विकणाऱ्याचं असतं, बनवणारा बऱ्याचदा दुसराच. लेबलवर एफसीसी आयडी (अमेरिकेतल्या मंजुरीचा नंबर) असेल तर त्याची पहिली तीन अक्षरं वाचा. ई८एच म्हणजे चिकोनी, ई५एक्स म्हणजे बीटीसी, सीआयजी म्हणजे की ट्रॉनिक कंपनी. समोर कुठल्याही कंपनीचा बिल्ला असू दे, इथे खरं नाव कळतं.

लेबल गेलं असेल तर वय तरी कळतंच. बारीक सहा पिनांचा प्लग आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ मशीनबरोबर आणला. पण जाड प्लगवाले त्यानंतरही वर्षानुवर्षं निघत होते, त्यामुळे नुसत्या प्लगवर जाऊ नका. विंडोजचं बटण जास्त भरवशाचं: ते असेल तर कीबोर्ड विंडोज ९५ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. प्लग जांभळा असेल तर अजून अलीकडचा, ती रंगांची पद्धत पीसी ९९ या पीसी बनवणाऱ्यांसाठीच्या नियमावलीतून आली. रुपयाचं चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. ते छापलेला कीबोर्ड त्याआधीचा असूच शकत नाही. नसलेला मात्र जुनाच असेल असं नाही, दुकानातला साठा मागाहूनही खपतो.

आता खुंट. कीकॅप (बटणाची वरची टोपी) काढायला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, कडा तुटतात. दोन जेम क्लिपा सरळ करून टोकं वाकवा, कीकॅपच्या दोन बाजूंनी खाली सरकवा आणि सरळ वर ओढा. एफ किंवा जे पासून सुरुवात करा. स्पेसबार, एंटर, शिफ्ट यांच्याखाली तार असते, त्यांना आत्ता हात लावू नका.

खाली अधिकच्या चिन्हासारखा खुंट वर आलेला दिसला तर चेरी एमएक्स किंवा त्याची नक्कल. आडवी खाच दिसली आणि कीकॅपला खालून चपटी जीभ असेल तर आल्प्सची पद्धत. पद्धत म्हणतोय, आल्प्स नाही म्हणत. तैवानच्या कारखान्यांनी या खाचेच्या इतक्या नकला केल्या की नुसत्या खाचेवरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून तिसरी पायरी झाकण. टॉर्च तिरका धरा, भिंग घ्या. खऱ्या आल्प्सच्या वरच्या झाकणावर बारीक अक्षरांत आल्प्स उठवलेलं असतं. चेरीच्या झाकणावर चेरी.

ताई, तुमच्या चिकोनीत खाच असेल आणि झाकणावर आल्प्स नसेल, तर तो बहुतेक एसएमकेचा निळा. छंदवाले त्याला मॉन्टेरे म्हणतात. केबी-५१८१ मध्ये तो सापडतो. वाजतो झकास, मला स्वतःला आवडतो. पण तो आल्प्सचा निळा नव्हे, आणि भाचा ज्या किमती बघतोय त्या याच्या नाहीत. खाच नसून अधिकचं चिन्ह निघालं तर कहाणीच वेगळी. त्या काळच्या कीबोर्डांत एकाच मॉडेल नंबरखाली वेगवेगळे स्विच निघतात, म्हणून इंटरनेटवर नंबर शोधून गप्प बसू नका. बटण काढून बघाच.

आयबीएमबद्दल सोल्डरराव बरोबर आहेत, तरी एक कीकॅप काढा. खाली नळी आणि तिच्यातून डोकावणारी स्प्रिंग दिसायला हवी. ही स्प्रिंग दाबता दाबता एका क्षणी कडेला वाकते, खालच्या पट्टीला कलवते, आणि ती पट्टी मेंब्रेनवर (सर्किट छापलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या थरांवर) आपटते. आवाज आणि अक्षर एकदमच, म्हणून बोटांना फसवणूक वाटत नाही. दिसायला तसाच पण आत रबराचे डोम असलेलाही प्रकार निघाला होता, म्हणून खात्री करायची. १९८१ च्या पीसीबरोबरचा मॉडेल एफ हा याचा थोरला. त्याच्यात मेंब्रेन नव्हतं, पट्टीमुळे कपॅसिटन्स (विद्युत भार धरण्याची क्षमता) बदलायचा. मॉडेल एम १९८५ चा. १९९१ मध्ये आयबीएमचा हा धंदा लेक्समार्कच्या नावाने वेगळा झाला, १९९६ पासून केंटकीत युनिकॉम्प हेच कीबोर्ड बनवतंय. त्यामुळे केबल मिळते, काळजी नको.

आयबीएम हलक्या हाताने हलवून बघा. आत खुळखुळलं तर प्लॅस्टिकचे रिव्हेट तुटलेत. त्या जातीचं म्हातारपण तिथूनच सुरू होतं. भोकं पाडून बारीक बोल्ट घालता येतात, पण ते वेळखाऊ काम आहे आणि त्यात माणसाचा स्वभाव कळतो.

चौथा: एक बटण काढा, आतली दांडी उचलून खाली बघा. फोमची चकती असेल तर समजलं.

उपनगरची_अनुवादक

काका, काल रात्री जेवणं आटोपल्यावर डायनिंग टेबलावर सगळं मांडून बसलो. जेम क्लिपची युक्ती चालली.

चिकोनी: खाच आहे, कीकॅपला जीभ आहे, लेबलवर ई८एच. झाकणावर आल्प्स कुठेच नाही. तीनचार ठिकाणी बघितलं. भाचा तेव्हापासून जरा शांत आहे.

टीव्हीएस: अधिकचं चिन्ह, झाकणावर चेरी स्पष्ट.

आयबीएम: नळी, नळीत स्प्रिंग. खुळखुळत नाही.

चौथा: तुम्ही म्हणालात तशी चकती निघाली, पण हातात येताच पिवळा भुगा झाला. वर चकाकणारा पातळ प्लॅस्टिकचा तुकडा चिकटलेला.

आता हे लॅपटॉपला जोडायचे कसे? आणि आयबीएम-चिकोनीवर विंडोजचं बटण नाही. मी मराठी-इंग्रजी बदलायला विंडोज आणि स्पेस दाबते.

सातपूरचा_सोल्डर

काका, मॉन्टेरे माहीत नव्हता, मान्य. पण एक माझ्याकडून घ्या: कीकॅप कुठल्या प्लॅस्टिकच्या हे ओळखायला मिठाचं पाणी. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला. एबीएस तरंगतं, पीबीटी बुडतं. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, म्हणून मीठ हवंच. पीबीटी असेल तर लवकर गुळगुळीत होत नाही. आतली बाजूही बघा: अक्षराचं दुसऱ्या रंगाचं प्लॅस्टिक खालून दिसलं तर डबल शॉट, ते अक्षर कधीच पुसत नाही.

जुना_सर्व्हिसवाला

मिठाचं पटलं. फक्त नंतर गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका.

ताई, चौथा फोम-फॉइल जातीचा. त्याच्यात धातूचे टोक टोकाला लागतच नाहीत. फॉइल सर्किट बोर्डाजवळ गेलं की कपॅसिटन्स बदलतो आणि कंट्रोलरला कळतं. फोमचा भुगा झाला की फॉइल नीट टेकत नाही, म्हणून तुमची मोजकीच अक्षरं उमटली. सगळ्या बटणांच्या चकत्या नव्या कापून लावता येतात, लोक लावतातही. कामावरून निवृत्त झालेले असाल तर करा.

जोडणी. बाजारात मिळणारं ते हिरवं किंवा जांभळं छोटं टोपण चालणार नाही. त्याच्यात चिप नसते, नुसत्या तारा इकडच्या तिकडे केलेल्या असतात, आणि ते यूएसबीही बोलू शकणाऱ्या कीबोर्डसाठी असतं. तुम्हाला आत चिप असलेला पीएस/२ ते यूएसबी कन्व्हर्टर हवा. आयबीएमसाठी आधी त्या खाचेची केबल, मग कन्व्हर्टर. टीव्हीएसचा प्लग पीएस/२ असेल तर थेट कन्व्हर्टर.

चिकोनीसाठी जाड प्लगवरून बारीक प्लगचं साधं जोड टोपण, मग कन्व्हर्टर. पण त्याआधी बुडाचा तो सरकता स्विच एटी बाजूला हवा. एक्सटी म्हणजे त्याआधीचे पीसी, त्यांची भाषाच वेगळी, प्लग मात्र हुबेहूब तोच. लोकांचे चांगले कीबोर्ड यापायी 'मेलेले' म्हणून भंगारात गेलेत. जुन्या पीसीला पीएस/२ लावताना मात्र मशीन बंद करूनच लावा.

विंडोजचं बटण नसलं तरी डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून भाषा बदलते. इनस्क्रिप्टला लागणारं उजवं ऑल्ट १०१ बटणांच्या कीबोर्डवर असतंच.

साफसफाई: कीकॅप कोमट साबणाच्या पाण्यात. स्विचवर घरातलं गंज काढायचं तेल मारू नका, धूळ त्यालाच चिकटते. चिकोनीसारखे स्विच कचऱ्याला फार हळवे असतात. आधी ब्रश आणि ब्लोअर, मग गरज पडली तरच. आपल्याकडे मुंबईसारखी खारी हवा नाही, त्यामुळे गंज कमी सापडतो, पण माळ्यावरची धूळ काही कमी नसते.

आता न विचारलेलं मत. रोजच्या कामाला टीव्हीएस गोल्ड घ्या. छंदवाले त्याच्याकडे बघत नाहीत, कारण तो इथे गल्लोगल्ली दिसायचा. पण आत खरा चेरीचा निळा आहे, एका बटणाचं आयुष्य कंपनी ५ कोटी दाबांचं सांगते, आणि बिघडला तर एकेक स्विच डिसोल्डर करून बदलता येतो. आयबीएमचं तसं नाही, मेंब्रेन गेलं तर सगळं उघडावं लागतं. आयबीएम ठेवा, पण रात्री घरातली माणसं झोपल्यावर त्यावर अनुवाद करू नका.

उपनगरची_अनुवादक

गोल्ड आजपासून टेबलावर. आवाजाबद्दल नवऱ्याची पहिली तक्रार आलेली आहे, तीही गोल्डवरच. आयबीएमची केबल मागवते.

चिकोनी भाच्यालाच दिला. किमती शोधणं सोडून तो आता ब्रश घेऊन बसलाय. चौथा मात्र माझ्याच्याने होणार नाही. सोल्डर, कीकॅप कामाला येणार असतील तर घेऊन जा, पैसे नकोत.

सातपूरचा_सोल्डर

येतो ताई. शनिवारी संध्याकाळी बिटको चौकात चालेल? काका, फोमच्या चकत्या कापायला पंच कुठे मिळेल?

जुना_सर्व्हिसवाला

चामड्याचं काम करणाऱ्यांकडे भोक पाडायचा पंच असतो, भद्रकालीत हत्यारांच्या दुकानात विचारा. जुनी चकती बरोबर न्या, भुगा झालेली असली तरी व्यास मोजता येईल असा एखादा तुकडा सापडतो. फोम दाबून सोडल्यावर लगेच उसळणारा घ्या.