मदत हवी आहे: मारहाण नेमकी कुठे झाली, ते पेशंटकडून कसं काढून घ्यायचं?

मी इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात रिसेप्शनला आहे. मारहाण होऊन आलेल्यांना आम्ही विचारतो: कधी झालं, कुठे झालं, कशाने मारलं, मारणारे किती. नाव-पत्ता वगळून ही माहिती पोलीस आणि कौन्सिलकडे (इथली नगरपालिका) जाते.

ही पद्धत मूळची वेल्समधल्या कार्डिफ शहराची. जबड्याचे सर्जन जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच जखमींची पोलिसांत नोंदच नसते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ साली आलेल्या अभ्यासानुसार, हिंसेमुळे अ‍ॅडमिट होणाऱ्यांचं प्रमाण तिथे दरमहा लाखामागे ७ वरून ५ वर आलं. तशाच, पण ही पद्धत नसलेल्या इतर शहरांत ते ५ वरून ८ वर गेलं. म्हणून हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

पण आमचा जागेचा रकाना जवळपास निरुपयोगी आहे. शनिवारी रात्री रांग लागलेली, मुलगा ओठाला टिश्यू दाबून उभा, विचारलं तर म्हणतो, "टाउनमध्ये." कुठल्या पबात, आत की दारात, हे विचारलं की मागच्या लोकांकडे बघतो आणि "पोलिसांना सांगणार का?" म्हणून गप्प होतो. मग आम्ही नुसतं "पब" लिहितो. त्यावरून गस्त कुठे घालणार? प्रश्न कसा विचारावा? की हे ट्रायाजच्या नर्सकडे (कुणाला आधी तपासायचं ते ठरवणारी) द्यावं?

उत्तर

ताई, नर्सकडे देऊ नका. तिथे हे राहून जाऊ शकतं. कार्डिफमध्येही रिसेप्शनच विचारतं. आधी कारण सांगा: "तिथे आणखी कुणाला मार बसू नये म्हणून विचारतेय, यात तुमचं नाव जात नाही." रांगेत लाज वाटत असेल तर कागद पुढे करा, लिहून देतात. जागेचं नाव आठवत नसेल तर "समोर काय होतं?" विचारा, आणि पेशंट म्हणेल ते तसंच्या तसं लिहा.

मात्र "पोलिसांना काहीच कळणार नाही" असं वचन देऊ नका. चाकूहल्ला किंवा गोळीची जखम असेल तर जनरल मेडिकल कौन्सिलच्या (डॉक्टरांवर देखरेख करणारी संस्था) सूचनेप्रमाणे डॉक्टर सहसा पोलिसांना कळवतात. ती वाट वेगळी आहे.

तुमच्या नोंदींवरून पुढे काय झालं, हे रिसेप्शनला कुणी कधी येऊन सांगतं का? नसेल तर मॅनेजरकडे आधी तेच मागा.