स्क्वॅट अडकलंय? आधी वही घ्या
तीन महिने झाले तरी स्क्वॅट (खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारायच्या उठाबशा) ४० किलोवरच अडकलंय म्हणताय, तर आधी सांगा, लिहून ठेवता का? मी पण आधी सगळं अंदाजपंचेच करायचो, मग एक साधी वही घेतली न त्यात ४० किलो, ८-८-७ (म्हणजे तीन सेट, न प्रत्येकात किती उठाबशा झाल्या ते) असं लिहायला लागलो, तिन्ही सेटला ८ नीट बसले की पुढच्या वेळी अडीच किलो जास्त, बास. दोन सेटच्या मध्ये २-३ मिनिटं थांबा, घाई कसली? (मोबाईल बघत दहा मिनिटं नाही हं!) खाली जाताना धपकन बसू नका. आणि प्रोटीन, रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास तरी हवं, नुसत्या वरणभातावर ते होत नाही, अंडी, पनीर, सोया काहीतरी घ्याच. गुडघा दुखत असेल तर मात्र आधी बारवरच्या वजनाच्या प्लेटा उतरवा.